मेंदूचं ‘कवच’ अंतराळात फुटत नाही

जळगाव-भुसावळकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘अंतराळात मेंदूचं कवच फुटतं आणि प्रतिकारशक्ती कायमची संपते.’ तो वाचून आमच्या शाळेतल्या एका मुलीनं अंतराळवीर व्हायचा विचारच सोडला, म्हणून हा खुलासा.

हे कवच म्हणजे कवटी नव्हे. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. रक्तातलं काय मेंदूत जाऊ द्यायचं, ते त्या ठरवतात. अंतराळ स्थानकावर ३५ दिवस ठेवलेल्या उंदरांत ही वीण काहीशी सैल झाल्याच्या खुणा दिसल्या. सैल होणं वेगळं, फुटणं वेगळं. शिवाय हे उंदरांतलं निरीक्षण आहे.

प्रतिकारशक्तीचंही तसंच. ती संपत नाही, तिचा तोल ढळतो. टी-पेशी, म्हणजे विषाणूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, मंदावतात आणि अंगात वर्षानुवर्षं निजलेले विषाणू जागे होतात. लहानपणी कांजिण्या आलेल्याला म्हातारपणी नागीण उठते ना, तो विषाणू यातलाच. नासानं तपासलेल्या, स्थानकावर राहून आलेल्या २३ पैकी १४ जणांच्या लाळेत किंवा लघवीत असे विषाणू सापडले. बहुतेकांना त्रास काहीच जाणवला नाही. हा तोल ढळायला एकटी वजनरहित अवस्था कारण नाही. ताण, मोडलेली झोप आणि किरणोत्सर्गही आहेत.