दारू सुटल्यानंतरच्या संध्याकाळी

व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस घरी परततो तेव्हा त्याच्याजवळ औषधांची चिठ्ठी असते, पुढच्या तपासणीची तारीख असते आणि 'जुन्या संगतीपासून लांब राहा' हा सल्ला असतो. नवी संगत कुठे मिळेल आणि रविवारची संध्याकाळ कुणाबरोबर घालवायची, हे मात्र कुठल्याच कागदावर लिहिलेले नसते. माझ्या पतींची दारू सुटल्याला आता काही वर्षे झाली. त्यांना विचारून मी हे लिहीत आहे. डिसेंबर लागला आहे, लग्नसराई आणि एकतीस डिसेंबरचे बेत ठरू लागले आहेत, म्हणून ते आजच लिहावेसे वाटले. दारूशिवायच्या गाठीभेटी आणि सहली ही सावरणाऱ्या माणसाची चैन नाही, तो त्याच्या उपचाराचाच भाग आहे, असे माझे ठाम मत आहे.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेली संघटना. तिच्या मीटिंगमध्ये भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांपासून जपायला सांगतात. प्रवासात या चारही अवस्था एकाच दिवसात गाठतात. या संघटनेचा जन्मच मुळी एका फसलेल्या प्रवासातून झाला, हे अनेकांना ठाऊक नसते. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचे बिल विल्सन व्यवसायाच्या कामासाठी अमेरिकेतल्या अॅक्रन या गावी गेले होते. दारू सोडून त्यांना जेमतेम काही महिने झाले होते, काम फिसकटले होते आणि हॉटेलच्या दालनात एकटे उभे असताना बारमधले हसणे-बोलणे त्यांच्या कानावर येत होते. बारकडे वळण्याऐवजी त्यांनी तिथल्या चर्चना फोन करायला सुरुवात केली, दारूशी झगडणाऱ्या दुसऱ्या एखाद्या माणसाशी आपली गाठ घालून द्या, अशी विनंती केली आणि त्यातूनच डॉक्टर बॉब स्मिथ यांची भेट झाली. पुढे या दोघांनीच ही संघटना उभी केली. परगावी, संध्याकाळच्या वेळी, आपल्यासारखाच एक माणूस सोबतीला हवा, ही गरज तेव्हा जितकी खरी होती तितकीच आजही आहे.

नाशिकमध्ये ही गरज अधिक तीव्रपणे जाणवते. राज्य सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि गंगापूर धरणाच्या परिसरात, दिंडोरीकडे, विंचूरला वाईनचे उद्योग वाढले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे माहेर निफाड तालुक्यातले असल्याने बागेचा खर्च आणि द्राक्षाचा भाव यांचा मेळ न बसणे म्हणजे काय, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. परंतु आता मुंबई-पुण्याचे पाहुणे आले की पहिला प्रस्ताव वायनरी पाहण्याचाच असतो, आणि नकार दिला की 'वाईन म्हणजे काही दारू नव्हे' असे समजावले जाते. वाईनमध्ये साधारण बारा-तेरा टक्के अल्कोहोल असते आणि ज्याच्या शरीराला व सवयीला त्या अल्कोहोलने एकदा बांधून ठेवले होते, त्याच्यासाठी बाटलीवरच्या नावाने काहीही बदलत नाही. 'सापुताऱ्याला जा, गुजरातमध्ये दारूबंदी आहे' हा सल्लाही आम्हाला अनेकदा मिळाला. गुजरात १९६० साली स्थापन झाल्यापासून तिथे दारूबंदी आहे हे खरे. पण सोबतच्या मंडळींनी हद्द ओलांडण्याआधीच गाडीच्या डिकीत सोय करून ठेवलेली असेल, तर तो कायदा आपल्या माणसाच्या कामी येत नाही. ठिकाणापेक्षा सोबत महत्त्वाची, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

आपल्या समाजात दारू नाकारण्याची एक सन्मानाची वाट पूर्वीपासून आहे, ती म्हणजे गळ्यातली तुळशीची माळ. माळकऱ्याला कुणी दुसऱ्यांदा आग्रह करत नाही. मात्र ज्याने माळ घातलेली नाही, त्याने 'मी घेत नाही' असे म्हटले की लगेच 'का? डॉक्टरांनी सांगितलंय का? एकाने काय होतं?' अशी चौकशी सुरू होते. सावरणाऱ्या प्रत्येक माणसाचा ओढा भक्तीकडे असेलच असे नाही, आणि त्याला कीर्तनाला व देवदर्शनाला तेवढे बोलावून पिकनिकमधून वगळणे हे त्याच्यावर अन्यायाचे आहे. त्याला हसायचे असते, पत्ते खेळायचे असतात, वरातीत नाचायचेही असते.

तरीही वारीकडून शिकण्यासारखे फार मोठे आहे. संत निवृत्तिनाथांची पालखी आषाढीसाठी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघते, आणि पौष वद्य एकादशीच्या यात्रेसाठी गावोगावच्या दिंड्या त्र्यंबकेश्वरला येतात. शेकडो वर्षांच्या परंपरेचा हा सामूहिक प्रवास दारूशिवाय होतो, आणि त्यामागे श्रद्धेइतकीच व्यवस्थाही आहे, असे मला वाटते. किती चालायचे, मुक्काम कुठे, पंगत कुणाकडे, हे आधी ठरलेले असते; मुक्कामी पोहोचल्यावर हरिपाठ आणि कीर्तन असते. दिवेलागणीनंतरचे दोन-तीन तास, जे सावरणाऱ्या माणसाला सर्वांत जड जातात, ते दिंडीत कधी रिकामे राहत नाहीत.

मीटिंगच्या निमित्ताने ओळख झालेली आम्ही काही कुटुंबे एकत्र सहलीला जातो, तेव्हा हीच शिस्त पाळण्याचा प्रयत्न करतो. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला जाणे आम्हा सर्वांना विशेष आवडते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या या पाणथळ जागेला २०२० साली रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान्यता जाहीर झाली. महाराष्ट्रातले ते पहिलेच. पक्षी पाहायचे तर पहाटे उठावे लागते, पहाटे उठायचे तर रात्री वेळेवर झोपावे लागते, आणि त्यामुळे रात्र आपोआपच आटोक्यात राहते. अंजनेरीचा डोंगर चढायचा असला तरी तसेच होते. मुक्कामाची जागा ठरवताना तिथे बार आहे का आणि त्याच रात्री अंगणात दुसऱ्या कुणाची पार्टी आहे का, हे आम्ही मालकांना स्पष्ट विचारतो. नुकतीच दारू सोडलेल्या माणसाला खोलीत एकटे ठेवत नाही. मन अस्वस्थ झाले तर कुणालाही केव्हाही निघता यावे, म्हणून एक गाडी मोकळी ठेवतो, आणि परगावी जाताना तिथल्या मीटिंगचा पत्ता व फोन नंबर जवळ बाळगतो. संध्याकाळी सगळे मिळून वांग्याचे भरीत आणि भाकरी करतात, त्यात पुरुषही आलेच.

या सहलींमध्ये कुटुंबांचेही तितकेच भले होते, याबद्दल फारसे बोलले जात नाही. घरात दारू असते त्या वर्षांत बायको आणि मुलेसुद्धा हळूहळू लग्नकार्यांतून, शेजाऱ्यांच्या सहलींतून माघार घेतात, कारण तिथे काय घडेल याची धास्ती असते. दारू सुटली म्हणून ही धास्ती लगेच जात नाही. अशाच एका मुक्कामात माझी मुलगी वडिलांची वाट न पाहता नऊ वाजता झोपून गेली होती; त्या गोष्टीचे मोल ज्या घरांनी भोगले आहे त्यांनाच कळेल.

सहलीचे फोटो आम्ही फेसबुकवर टाकत नाही. एखाद्याने आपल्या आजाराविषयी कचेरीत सांगितलेले नसते, आणि ते कधी व कुणाला सांगायचे हे ठरवण्याचा हक्क त्याचाच आहे.

आता यजमानांसाठी काही विनंत्या. कुणी पेय नाकारले तर कारण विचारू नका. गंमत म्हणून कुणाच्या कोल्ड्रिंकमध्ये दारू मिसळू नका. दारू सोडलेल्या काहींना डॉक्टर डायसल्फिरम हे औषध देतात, आणि ते चालू असताना थोडीशी दारू पोटात गेली तरी चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड असा त्रास होतो, काही वेळा जिवावरही बेतते. 'शून्य टक्के' बिअरचाही आग्रह करू नका, कारण तो वास, ती चव आणि तो ग्लास एवढ्यानेही जुनी ओढ जागी होऊ शकते. सोसायटीच्या एकतीस डिसेंबरच्या कार्यक्रमात पिणाऱ्यांची वेगळी सोय गच्चीवर आणि बाकीच्यांचा कार्यक्रम खाली, अशी विभागणी करण्यापेक्षा निदान दहा वाजेपर्यंतचा कार्यक्रम सर्वांसाठी दारूशिवाय ठेवा. नाशिककर रविवारी सकाळी मिसळ खायला सहकुटुंब जमतात, दही-पापड घेऊन तासन्‌तास गप्पा मारतात आणि तिथे कुणालाही दारूची उणीव भासत नाही, म्हणजे असे जमणे आपल्याला मुळीच परके नाही.

आणि एक विनंती जेवणाच्या वेळेची. हळदीच्या किंवा वाढदिवसाच्या कार्यक्रमात पिणाऱ्यांचे आटोपेपर्यंत जेवण अकरा-साडेअकरापर्यंत लांबवले जाते आणि न पिणारा माणूस उपाशीपोटी, हातात रिकामा ग्लास घेऊन त्यांच्यामध्येच बसून राहतो. निमंत्रणात जेवणाची वेळ आठची लिहा आणि पाने आठलाच मांडा. आम्ही नक्की येऊ.