नेटबॉल ‘सोपं’, आणि त्यात म्हणे खुन्नस नसते?

एक दावा सध्या सगळीकडे फॉरवर्ड होतोय. नेटबॉल म्हणजे मुलींसाठी सोपं करून दिलेलं बास्केटबॉल, खेळतात दोनच देश, ऑलिम्पिकमध्ये नाही, आणि बायकांच्या मॅचमध्ये खरी खुन्नस नसतेच त्यामुळे बघण्यासारखं काही नाही. हा खेळ मी मनापासून फॉलो करते, म्हणून एकेक मुद्दा घेऊनच उत्तर देते.

सोपं बास्केटबॉल? खेळ बास्केटबॉलमधून निघाला हे खरंय, 1891 ला बास्केटबॉल आलं आणि पुढच्या दहा वर्षांत इंग्लंडमधल्या मुलींच्या कॉलेजांत त्याचं वेगळं रूप तयार झालं. पण सोपं काय झालं ते मला कोणीतरी दाखवा. बॉल हातात आला की पळता येत नाही, 3 सेकंदांत पास द्यायचा, समोर डिफेंडर 3 फुटांवर हात वर करून उभी. रिंग बास्केटबॉलइतकीच उंच, 10 फूट, पण बास्केटबॉलची रिंग 45 सेंटिमीटरची आणि ही 38 ची, आणि मागे बोर्डच नाही, म्हणजे बॉल बोर्डवर आपटून आत घालायची सोयच काढून घेतलीये. सातजणींच्या टीममध्ये शूट फक्त दोघीच करणार, गोल शूटर आणि गोल अटॅक या जागांवरच्या. बाकीच्या पाचजणींनी आपला एरिया सोडून पाय टाकला की ऑफसाइड. शिवाय फुल स्पीडमध्ये येऊन हवेत बॉल पकडायचा आणि खाली उतरताच जागेवर थांबायचं, गुडघ्याचं काय होत असेल विचार करा, गुडघ्यातल्या एसीएल नावाच्या लिगामेंटच्या दुखापतींनी या खेळात कितीतरी जणींचे सीझन वाया गेलेत.

दोनच देश? हे अर्धं बरोबर आहे आणि ते मी मान्य करते. 1963 पासून वर्ल्डकप चालू आहे आणि तो ऑस्ट्रेलिया नाहीतर न्यूझीलंडकडेच गेलाय, अपवाद फक्त 1979 चा, तेव्हा त्रिनिदाद आणि टोबॅगो या दोघींसोबत संयुक्त विजेते होते. पण खेळतात दोनच असं म्हणणाऱ्यांनी 2018 ची गोल्ड कोस्टची कॉमनवेल्थ फायनल बघावी. ऑस्ट्रेलियात, ऑस्ट्रेलियाच्याच प्रेक्षकांसमोर, शेवटच्या क्षणाला इंग्लंडच्या हेलन हाउझबीने गोल टाकला आणि 52-51 ने गोल्ड नेलं. त्याच स्पर्धेत मलावीने न्यूझीलंडला हरवलं होतं. 2022 च्या कॉमनवेल्थला जमैकाने ग्रुप मॅचमध्ये ऑस्ट्रेलियाला 57-55 ने हरवलं आणि फायनलही खेळल्या. 2023 च्या केपटाउन वर्ल्डकपला तर न्यूझीलंड चौथी आली, फायनलला ऑस्ट्रेलियासमोर इंग्लंड होती.

ऑलिम्पिकचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने नेटबॉलला 1995 मध्येच मान्यता दिलीये, स्पर्धेत जागा अजून मिळालेली नाही, आणि क्रिकेटही 1900 नंतर थेट 2028 ला परत येतंय, मग मधल्या सव्वाशे वर्षांचं क्रिकेट काय खोटं होतं का?

आता खुन्नस. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला.

1938 ला मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड पहिल्यांदा समोरासमोर आल्या, तेव्हा न्यूझीलंडमध्ये नऊजणींचा खेळ चालायचा, त्यांना सातजणींच्या नियमाने खेळावं लागलं आणि त्या 40-11 ने हरल्या. पंचवीस वर्षांनी पहिल्या वर्ल्डकपला त्याच दोन टीम, स्कोअर 37-36, जिंकली ऑस्ट्रेलियाच पण एका गोलने! मग 1999 च्या वर्ल्डकप फायनलला पुन्हा ऑस्ट्रेलियाच, 42-41, शेरेल मॅकमहनचा अगदी शेवटचा गोल. 2010 ला आपल्या दिल्लीतच कॉमनवेल्थची फायनल दोन वेळा एक्स्ट्रा टाइममध्ये गेली, मारिया टुटाइआने शेवटचा गोल टाकला आणि न्यूझीलंड 66-64 ने जिंकली. पुढच्याच वर्षी सिंगापूरच्या वर्ल्डकप फायनलला ऑस्ट्रेलियाने परतफेड केली, 58-57, तीही एक्स्ट्रा टाइममध्येच. एवढे जवळचे स्कोअर का होतात माहितीये? गोल कुणीही केला तरी पुढचा सेंटर पास, म्हणजे कोर्टाच्या मधून खेळ पुन्हा सुरू करणारा पास, आळीपाळीनेच मिळतो, त्यामुळे आपल्या पासवर आपला गोल होणार हे दोन्ही टीम धरूनच चालतात आणि मॅच फिरते ती मधेच कुणीतरी हिसकावलेल्या एखाद्या बॉलवर. साठ मिनिटं त्या एका बॉलची वाट बघत खेळायचं, आणि ह्याला लोक खुन्नस नाही म्हणतात.

आणि ही खुन्नस एकमेकींना घडवते पण. 2016 पर्यंत दोन्ही देशांची मिळून एक लीग होती, ती फुटली, ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंशी नेहमीची टक्कर संपली, आणि 2018 च्या कॉमनवेल्थला न्यूझीलंड मेडलशिवाय घरी गेली. मग कोच म्हणून नोलीन टाउरुआ आल्या, ज्यांनी 2017 आणि 2018 ला ऑस्ट्रेलियाच्याच लीगमध्ये सनशाइन कोस्ट लाइटनिंगला चॅम्पियन केलं होतं. त्याच क्लबकडून खेळणारी लॉरा लँगमन, परदेशी लीगमध्ये खेळणाऱ्यांना न घेण्याच्या नियमामुळे न्यूझीलंडच्या टीमबाहेर होती, तिला कॅप्टन म्हणून परत आणलं. केसी कोपुआ रिटायर झालेली, तीही परत आली. म्हणजे ऑस्ट्रेलियाला हरवायचं कसं हे टाउरुआ आणि लँगमन ऑस्ट्रेलियातच रोज बघून आल्या होत्या. 2019, लिव्हरपूल, वर्ल्डकप फायनल, समोर ऑस्ट्रेलिया. 52-51, न्यूझीलंड.