माळ, वजनकाटा आणि रात्रीच्या पावत्या

तुमची प्रतिक्रिया दोन दिवस मनातून जात नाहीये. कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या माळकरी मामांची सचोटी त्यांच्या माळेतून आली, असं सांगणारा माझा लेख तुम्हाला भाबडा वाटला. ऑफिसात दर श्रावणात सत्यनारायण घालणारे साहेबच टक्केवारी खातात, श्रद्धेचा आणि कामातल्या सचोटीचा काही संबंध नाही, आणि अशा लेखांमुळे लोक गंध-माळ बघून विश्वास टाकतात, असं तुम्ही लिहिलंत.

शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मधला नाही.

मी कारखान्यात हिशेबाला होते तेव्हा भंगाराच्या गाड्यांत एक ठरलेली लबाडी चाले. रिकामी गाडी काट्यावर चढवताना आत पाण्यानं भरलेली पिंपं ठेवायची, म्हणजे तिचं वजन जास्त भरतं. मग पिंपं उतरवून भंगार भरायचं. वजाबाकी केली की भंगार तेवढं कमी दिसतं, आणि ते विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला पैसे कमी पडतात. मामा अशा पावतीवर सही करत नसत. पंगतीत, टपरीवर, पाहुण्यांच्या आग्रहापुढे माळेपायी 'नको' म्हणण्याची त्यांना तीस वर्षांची सवय होती. व्यापाऱ्यानं पाकीट पुढे केलं तेव्हा तो 'नको' तयारच होता, त्यांना विचार करावा लागला नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून 'काही संबंध नाही' हे मी मानणार नाही.

पण लेखात मी अर्धीच हकीकत सांगितली. मामा सही करत नसत, तसंच वर कळवतही नसत. 'माझ्या हातून नको,' एवढंच म्हणत. गाडी फाटकाबाहेर थांबायची आणि रात्रपाळीत सुटायची. ज्यांची माळ ते घालत, त्या वारकरी परंपरेत याहून जास्त मागितलेलं आहे. 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें' म्हणणाऱ्या तुकोबांनी, परंपरा सांगते त्याप्रमाणे, सावकारीतली आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. त्यात नुकसान त्यांचं झालं आणि सुटका कुळांची. नुसते स्वतःचे हात स्वच्छ ठेवणं हे त्यापुढे फार थोडं आहे.

तुमच्या बाजूचा एक पुरावा मीच देते. प्रिन्स्टनमध्ये धर्मशास्त्र शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना भाषणाला पाठवलं होतं, काहींना तर संकटातल्या वाटसरूला मदत करणाऱ्याच्या बायबलमधल्या गोष्टीवरच बोलायचं होतं. वाटेत एक माणूस विव्हळत बसवलेला. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले. 'उशीर झालाय' असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाच्या विषयानं म्हणावा असा फरक पडला नाही. महिनाअखेरीला माल काढायची घाई ज्यानं पाहिली आहे त्याला हे पटेल. म्हणून काट्यावर माळकरी असो वा नसो, दोन सह्या आणि फेरवजन हवंच.

नास्तिक माणूस प्रामाणिक नसतो का, असंही तुम्ही विचारलंत. असतो. आगरकरांचा देवावर विश्वास नव्हता, तरी मोठ्या पगाराची वाट सोडून पोटापुरत्या पैशावर राहीन, असं त्यांनी आईला कळवलं होतं, आणि तसेच राहिले.

रात्रपाळीची हकीकत मी आज लेखात जोडते आहे. तिच्यासोबत आणखी एक गोष्ट लिहावी लागेल. त्या रात्रीच्या पावत्या सकाळी माझ्याच टेबलावर यायच्या. त्याच गाडीचं रिकामं वजन दर खेपेला वेगळं दिसायचं. दोन वर्षं मी ते आकडे वहीत उतरवत राहिले, आणि वर एक शब्द बोलले नाही.