नशा करणाऱ्याला आरोपी करू नका, पण नशेची दुकानेही उघडू नका

ठाण्यात वर्तकनगरच्या परिसरात माझे औषधांचे दुकान आहे आणि गेली २३ वर्षे मी त्या काउंटरमागे फार्मासिस्ट म्हणून उभी आहे. "जगभर गांजा कायदेशीर होतो आहे, आपल्याकडेच काय अडचण आहे" असे विचारणाऱ्या आणि "एकेकाला आत टाका म्हणजे अक्कल येईल" असे बजावणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या पोस्ट गेल्या काही दिवसांत माझ्या वाचनात आल्या. लिहिणारे माझ्या ओळखीचे आहेत आणि त्यांची तळमळ खरी आहे याबद्दल मला शंका नाही. तरीही दोन्ही बाजू दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करून बोलत आहेत असे मला वाटते. सेवन करणाऱ्याला शिक्षा करावी का, हा एक प्रश्न आहे. तो पदार्थ परवाना देऊन विकावा का, हा अगदी वेगळा प्रश्न आहे. पहिल्याला माझे उत्तर 'नाही' असे आहे आणि दुसऱ्यालाही 'नाही' असेच आहे.

पहिल्या प्रश्नाबद्दल आधी सांगते. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला दर महिन्याला येणाऱ्या एका बाईंचा मुलगा २०२१ मध्ये येऊरच्या रस्त्यावर मित्रांबरोबर गांजा ओढताना पकडला गेला. तेव्हा तो अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता आणि त्याच्याकडे भरलेल्या दोन सिगारेटी सापडल्या. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या कलम २७ नुसार गांजाच्या सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. कागदावर ती सौम्य दिसते. जामीन लगेच झाला, पण त्यानंतर ज्या तारखा सुरू झाल्या त्या अजून संपलेल्या नाहीत, आणि त्यातली एक नेमकी त्याच्या कॅम्पस मुलाखतीच्या दिवशी आली. एका संध्याकाळी त्या बाई काउंटरवर हात ठेवून मला हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, वकील म्हणतात गुन्हा कबूल करून टाका, दंडावर सुटेल. पण मग पुढे नोकरीच्या फॉर्मवर काय लिहायचं त्यानं?" मला उत्तर देता आले नाही. दंडावर सुटका झाली तरी ती दोषसिद्धीच असते आणि ती त्याच्या नावापुढे कायमची राहणार, हे त्यांनाही कळत होते.

मला सर्वांत जास्त बोचते ते असे की या सगळ्या काळात त्या मुलाला 'तुला सवय लागली आहे का' हा साधा प्रश्न कोणीही विचारला नाही. त्याचा नमुना घेतला, कागद भरले, सह्या घेतल्या, पण समुपदेशकाकडे कोणी पाठवले नाही. वास्तविक याच कायद्यात कलम ६४ अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला जो व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेईल, त्याला खटल्यातून सूट मिळू शकते आणि उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढूनही घेता येते. म्हणजे १९८५ च्या कठोर कायद्यातही उपचाराची वाट आहे, पण ती दाखवायची कोणी, हे कुठेच ठरलेले नाही. २०२१ मध्येच केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने वैयक्तिक सेवनासाठी बाळगलेल्या अल्प प्रमाणाला गुन्हा न मानता अशा लोकांना उपचारांकडे वळवावे, अशी शिफारस केल्याच्या बातम्या आल्या होत्या. मला ती शिफारस मनापासून पटली होती.

आता दुसरा प्रश्न, ज्यावर मला जास्त बोलायचे आहे, कारण तो माझ्या रोजच्या कामाचा आहे. विक्री कायदेशीर केली की ती सरकारच्या नियंत्रणात येते, शुद्ध माल मिळतो, काळा बाजार संपतो आणि अल्पवयीन मुलांना काही मिळत नाही, असे मानणाऱ्यांनी एकदा कोडीन, म्हणजे अफूच्या गटातला नशा आणणारा घटक, असलेल्या खोकल्याच्या औषधाकडे पाहावे. ते पूर्णपणे कायदेशीर औषध आहे. त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आम्हाला परवाना लागतो, शेड्यूल एच-वनच्या, म्हणजे कडक नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या, वेगळ्या नोंदवहीत रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव लिहावे लागते, ती वही तीन वर्षे जपावी लागते आणि तपासणीला निरीक्षक येतात. यापेक्षा अधिक नियंत्रण गांजाच्या दुकानावर कोणी ठेवणार आहे, असे मला वाटत नाही. तरीही पाचेक वर्षांपूर्वी एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा तीन आठवड्यांत तीन वेळा माझ्याकडे आला. त्याला खोकला नव्हता, हातात मोजून आणलेले सुटे पैसे होते आणि चिठ्ठी दर वेळी तीच होती, फक्त तारखेचा आकडा वेगळ्या शाईने गिरवलेला होता. मी तिन्ही वेळा नकार दिला. त्यानंतरच्या एका रविवारी दुकानामागची बोळ झाडताना वीजमीटरच्या पेटीखाली मला त्याच औषधाच्या सतरा रिकाम्या बाटल्या सापडल्या. सगळ्यांच्या लेबलवरचा बॅच नंबर पात्याने खरवडलेला होता, म्हणजे माल कोणत्या दुकानातून गेला ते सापडू नये याची काळजी कोणीतरी आधीच घेतली होती. त्या बाटल्या एखाद्या तस्कराने समुद्रातून आणलेल्या नव्हत्या. माझ्यासारखाच भिंतीवर परवाना लावलेला कोणीतरी त्या विकत होता, कारण त्यात पैसा होता.

म्हणून 'कायदेशीर' आणि 'नियंत्रित' हे शब्द एकाच अर्थाने वापरलेले मला चालत नाहीत. शेजारच्या थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून वगळला, पुरेशी नियमावली होण्याआधीच हजारो दुकाने उघडली गेली आणि जून २०२५ मध्ये पुन्हा वैद्यकीय चिठ्ठीची अट घालावी लागली. मधल्या काळात ज्यांनी दुकाने थाटली, शेती केली, कर्ज काढले ते सगळे आता त्या व्यवसायाचे हितसंबंधी झाले आहेत. आपल्याकडे दारूचे हेच झाले. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात दारू पिणाऱ्याजवळ परवाना असणे आजही अपेक्षित आहे, पण आपल्यापैकी किती जणांनी तो डोळ्यांनी पाहिला आहे? राज्याच्या तिजोरीला उत्पादन शुल्काची गरज लागली की नियम कागदावर राहतो.

याची दुसरी बाजूही मी प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा रसायनांपासून बनवलेला नशेचा पदार्थ, फेब्रुवारी २०१५ पर्यंत एनडीपीएसच्या यादीतच नव्हते आणि त्या मोकळ्या वर्षांत ते मुंबई-ठाण्यात किती झपाट्याने पसरले हे आम्हा सर्वांना आठवते. यादीत आल्यावर मात्र ते नाहीसे झाले नाही. त्याचे उत्पादन करणारे कारखाने आपल्याच राज्यात पकडले जात आहेत. बंदीने पदार्थ संपत नाही, पण बंदीशिवाय तो अधिक वेगाने पोहोचतो, हे मी त्यातून शिकले. बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर कायद्याचा पूर्ण भार पडायलाच हवा.

राहिला प्रश्न सेवन करणाऱ्याला सोडून नेमके काय करायचे याचा. पोर्तुगालने १ जुलै २००१ पासून वैयक्तिक वापरासाठी साधारण दहा दिवसांच्या प्रमाणापर्यंत बाळगणे हा फौजदारी गुन्हा मानणे थांबवले. पण तिथे पकडलेला माणूस घरी जात नाही, तर कायदा, आरोग्य आणि समाजकार्य या क्षेत्रांतल्या तीन जणांच्या आयोगासमोर जातो आणि त्यामागे उपचारांची उभी केलेली व्यवस्था असते. सुयांमधून होणाऱ्या एचआयव्हीच्या नव्या लागणी तिथे पुढे खूप घटल्या. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने नोव्हेंबर २०२० च्या मतदानात तशीच सूट मंजूर केली, पण तिथे फक्त शंभर डॉलरच्या दंडाची पावती आणि हेल्पलाइनचा क्रमांक हातात दिला जाई. फोन करणारे फारच थोडे निघाले, उपचारकेंद्रांचा निधी उशिरा पोहोचला, त्याच काळात फेंटानिल हे अफूच्या गटातले अतितीव्र, जीवघेणे रसायन आले आणि सप्टेंबर २०२४ पासून बाळगणे पुन्हा गुन्हा झाले. दोन्ही ठिकाणी शिक्षा काढली, पण एका ठिकाणी तिच्या जागी माणसे ठेवली आणि दुसऱ्या ठिकाणी कागद ठेवला.

आपण आज सूट दिली तर आपले ओरेगॉन होईल, ही माझी भीती आहे. एम्सच्या २०१९ मधल्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणत्याही स्वरूपाचा उपचार आणि बेकायदा पदार्थांवर अवलंबून असलेल्या २० जणांपैकी एकालाच रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाल्याचे आढळले. डिलिव्हरीचे काम करणाऱ्या एका मुलाचे वडील दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. मुलगा एमडी घेत होता, चार-चार रात्री झोपत नव्हता. त्यांनी चौकशी केलेल्या एका खासगी केंद्राने महिन्याचा जो खर्च सांगितला तो त्यांच्या दोन पगारांपेक्षा जास्त होता. शेवटी तो मुलगा पुण्याला मुक्तांगणमध्ये गेला, जे डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केले. तो आज कामावर आहे, पण ठाण्यातल्या मुलाला व्यसनमुक्तीसाठी पुण्याला जावे लागणे ही आपल्या शहराची स्थिती आहे. प्रत्येक मोठ्या महापालिका रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस का होईना, पण मोफत व्यसनमुक्ती ओपीडी आणि एक कायम समुपदेशक असलाच पाहिजे, आणि पोलीस ठाण्यातून पहिला कागद तिकडे गेला पाहिजे. एवढे उभे राहिले की कलम २७ मधली कैद त्याच दिवशी काढून टाकावी.

मागच्या आठवड्यात त्या बाई पुन्हा गोळ्या घ्यायला आल्या. मी बिलाच्या मागच्या बाजूला 'कलम ६४ अ' असे मोठ्या अक्षरात लिहून तो कागद त्यांच्या हातात दिला आणि पुढच्या तारखेआधी वकिलांना हे आपल्याला लागू होईल का ते विचारा, असे सांगितले. त्यांनी तो घडी घालून पर्समधल्या औषधांच्या चिठ्ठीबरोबर ठेवला. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.