गाडी सुरू झाली म्हणजे वाचली, असं नसतं

बॅटरी बदलताना प्लसची केबल मायनसला लागते, चर्रकन ठिणगी उडते आणि गाडी गप्प होते. त्यावर इलाज सांगणारा एक मेसेज सध्या व्हॉट्सअॅपवर फिरतोय. मी गाड्यांची वायरिंगची कामं करतो, म्हणून तीन जणांनी तो मलाही पाठवला. सार असं : इंजिन बंद असेल तर डायनेमोला काही होत नाही, बॅटरी सरळ लावून फ्यूज बदला, पुन्हा उडाला तर मोठ्या नंबरचा टाका, तरी सुरू नाही झाली तर ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला, सुरू झाली तर गाडी वाचली. यातलं फ्यूज बघा एवढंच बरोबर आहे.

‘इंजिन बंद, म्हणून डायनेमो सुरक्षित.’ डायनेमोची, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची, जाड वायर किल्लीवरून जात नाही. ती मेन फ्यूजमधून थेट बॅटरीला असते. आतल्या डायोड प्लेटवर साधारण सहा डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग. बॅटरी सरळ असते तेव्हा ते तिचा करंट अडवून धरतात. उलटी लागली की तेच वाट मोकळी करून देतात आणि शेकडो अँपिअर त्यातून वाहतात. इंजिन फिरतंय की नाही याचा इथे संबंधच नाही. आधी मेन फ्यूज उडतो की आधी डायोड भाजतात, एवढाच प्रश्न, आणि त्याचा निकाल सेकंदाच्या आत लागतो. त्यामुळे ‘अहो, जरासाच टच झाला’ याला अर्थ नाही.

‘सुरू नाही झाली तर ईसीएम गेला.’ गिऱ्हाइकाला सगळ्यात महाग पडतं ते हे वाक्य. उलटी बॅटरी लागू शकते हे ईसीएम बनवणाऱ्यांना आपल्याआधीपासून माहीत आहे. आयएसओ 16750-2 या मानकात त्याची चाचणीच आहे : 12 व्होल्टच्या गाडीतल्या भागाला 14 व्होल्ट उलटे, 60 सेकंद. ईसीएम कधीच जळत नाही असं मी म्हणत नाही. पण तो शेवटचा संशयित.

मागच्या पावसाळ्यात एक हॅचबॅक टोचन लावून आली. दुसऱ्या गॅरेजने ईसीएम बदलायला सांगितलं होतं. किल्ली फिरवली तर मीटरवर एक दिवा नाही. आता ईसीएम मेला म्हणून काचा आणि हॉर्न बंद पडत नाहीत. सगळंच मेलंय म्हणजे गोची अगदी सुरुवातीला आहे. मेन फ्यूज बोल्टने कसलेला होता, वरून बघायला धडधाकट. टेस्ट लॅम्प एका बोल्टला लावला, पेटला. दुसऱ्याला लावला, नाही पेटला. फ्यूज बदलून किल्ली दिली तर चेक लाइट आली, मागून टाकीतल्या पेट्रोल पंपाचा दोन सेकंदांचा आवाज आला, गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनरही ईसीएमशी बोलायला लागला. हे सगळं झालं नसतं, तरी मी आधी ईसीएमची सप्लाय, अर्थिंग आणि सेन्सरकडे जाणारे 5 व्होल्ट मोजले असते.

‘मोठा फ्यूज टाका.’ नका टाकू. याच गाडीत रेडिओचा फ्यूज टाकला की लगेच उडत होता. अशा यंत्रांत सप्लायवर एक डायोड बसवलेला असतो : उलटा करंट आला की स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवायचा. तो शॉर्टच राहिला तर बॅटरी सरळ केल्यावरही फ्यूज टिकत नाही. म्हणजे पुन्हा उडणारा फ्यूज कुठे बघायचं ते दाखवतोय. रेडिओचा कपलर (वायरचा प्लग) काढला, फ्यूज टिकला. तिथे 30 अँपिअरचा टाकला असता तर पुढची वायर जळली असती.

‘सुरू झाली, म्हणजे वाचली.’ ही हॅचबॅकही सुरू झाली, चार्जिंग 14.1 व्होल्ट दाखवलं, आणि मीही गाफील राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मालकाचा फोन : ‘दादा, सेल्फच उचलत नाही.’ घरी जाऊन बॉनेट उघडलं. रात्रभर उभी गाडी, इंजिन थंडगार, आणि डायनेमोला हात लावला तर तो कोमट! डायोड अर्धवट मेले होते, बंद गाडीतही करंट झिरपत होता. किल्ली बंद ठेवून मायनसच्या केबलमध्ये मीटर घातला, अर्धा तास दारं उघडली नाहीत, तर 1.5 अँपिअर. बारा तासांत 18 एएच (अँपिअर-तास), म्हणजे 35 एएचची बॅटरी निम्मी. मायनस काढून डायनेमोची जाड वायर सोडवली, मग पुन्हा जोडून मोजलं, आकडा खाली.

इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून, बॅटरीवर एसी व्होल्ट मोजायला मी पहिल्याच दिवशी हवे होते. डायनेमोच्या एसीचं डीसी करणं हे डायोडचंच काम, म्हणून एसी अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की डायोड प्लेटवर संशय घ्यायचा. (स्वस्तातले काही मीटर एसीवर बॅटरीचेच 28-30 व्होल्ट दाखवतात. पिना उलट केल्यावर आकडा बदलला तर तो मीटर या कामाचा नाही.) स्टिअरिंग जड लागतंय का, एबीएस आणि एअरबॅगचे दिवे पेटून विझतात का, हेही त्याच दिवशी बघायचं, त्यांचे फ्यूज वेगळे असतात आणि त्यांच्याशिवायही इंजिन मजेत सुरू होतं.

डायोड प्लेट बदलल्यावर तोच मीटर 30 मिलिअँपिअरवर आला. ईसीएम अजून जुनाच आहे.