मादाम कामांच्या हातातला झेंडा आजचा तिरंगा नव्हे

वडोद्यात दांडिया बाजार परिसरातील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक चित्र फिरते आहे. क्रांतिकारक मादाम भिकाजी कामा यांनी 1907 मध्ये जर्मनीत आजचाच तिरंगा फडकवला, असा मजकूर त्याखाली आहे. यातील साल आणि देश बरोबर आहेत, झेंडा मात्र चुकीचा आहे. चित्रात पांढऱ्या पट्ट्यावर निळे चक्र स्पष्ट दिसते, आणि तेवढ्यावरूनच ते अलीकडे तयार केलेले असल्याचे कळते.

22 ऑगस्ट 1907 रोजी स्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत कामाबाईंनी उंचावलेल्या झेंड्यात पांढरा पट्टाच नव्हता. वर हिरवा, मध्ये पिवळसर केशरी आणि खाली लाल असे त्याचे पट्टे होते. मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वन्दे मातरम्’ लिहिलेले होते आणि खालच्या पट्ट्यावर सूर्य व चंद्रकोर होती.

पुढे 1921 मध्ये पिंगली वेंकय्यांनी बेझवाड्यात (आजचे विजयवाडा) गांधीजींना दाखवलेल्या झेंड्याच्या आराखड्याला पांढरा पट्टा आणि चरखा जोडला गेला. केशरी, पांढरा, हिरवा हा आजचा क्रम काँग्रेसने 1931 मध्ये ठरवला, तोही चरख्यासह. चरख्याच्या जागी चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र घेणारा ठराव संविधान सभेने 22 जुलै 1947 रोजी संमत केला. कामाबाईंचे निधन 1936 मध्येच झाले होते, म्हणजे चक्रांकित तिरंगा त्यांनी पाहिलाही नव्हता.

मूळ झेंड्याचे चित्र सहज मिळते. पुढे पाठवायचे असल्यास तेच पाठवावे.