टाकी मोठी केली म्हणून हवा वाढत नाही

"घरी सँडब्लास्टिंग करायचं तर 2 एचपी, 50 लिटरचा कॉम्प्रेसर पुष्कळ. कमी पडला तर मोठी टाकी जोडा, नाहीतर प्रेशर वाढवा. वाळू चाळून घ्या, तोंडाला रुमाल बांधा, झालं." सँडब्लास्टिंग म्हणजे हवेच्या झोतानं वाळूसारखे दाणे मारून गंज किंवा रंग काढणं, आणि त्यासाठी हा सल्ला सध्या हातोहात फिरतोय. त्यातल्या पहिल्या तीन गोष्टी ऐकून फार तर पैसे वाया जातील. चौथीनं फुप्फुसं जातात, म्हणून हे लिहितोय.

"2 एचपी पुष्कळ." एचपी ही मोटरची ताकद झाली, ब्लास्टिंगला लागते हवा, आणि तीही सलग. टायरमध्ये हवा भरताना किंवा एअर गननं खिळे मारताना कॉम्प्रेसरला मध्ये उसंत मिळते. ब्लास्टिंगचं नोझल म्हणजे उघडं भोक. ट्रिगर दाबलेला असेपर्यंत हवा वाहतच राहते. 3 मिमीचं नोझल 6 बारला मिनिटाला साधारण 500 लिटर, म्हणजे जवळपास 18 सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट) हवा ओढतं. पिस्टन कॉम्प्रेसर त्या प्रेशरला एका एचपीमागे 3 ते 4 सीएफएम देतो. 2 एचपीला 6 ते 8, म्हणजे गरजेच्या निम्मीसुद्धा नाही. लेबलवरचा मोठा आकडा बहुतेक वेळा डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे पिस्टन हिशोबानं जेवढी हवा खेचतो त्याचा असतो, त्यावर जाऊ नका, एफएडी, म्हणजे प्रत्यक्ष बाहेर मिळणारी हवा विचारा. नाहीतर स्वतः मोजा: नोझल बंद ठेवून टाकी 6 वरून 8 बारला यायला किती वेळ लागतो ते बघा. 50 लिटरच्या टाकीत 2 बार चढणं म्हणजे 100 लिटर हवा. 35 सेकंद लागले तर तुमचा कॉम्प्रेसर मिनिटाला 170 लिटर, म्हणजे 6 सीएफएम देतोय.

"मोठी टाकी जोडा." सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. वरचाच कॉम्प्रेसर घेऊ. दर मिनिटाला 330 लिटरची तूट, 8 वरून 6 बारला उतरेपर्यंत टाकीत शिल्लक 100 लिटर. 18 सेकंदांत खेळ आटोपला, मग 35 सेकंद वाट बघा. 50 च्या जागी 200 लिटरची टाकी लावली तर सव्वा मिनिट काम आणि जवळजवळ अडीच मिनिटं वाट. प्रमाण तेच: तासाभरात काम जेमतेम वीस मिनिटं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शिवाय वाट बघताना मोटर चालूच असते. लहान कॉम्प्रेसर बहुधा निम्मा वेळ विश्रांती मिळेल या हिशोबानं बनवलेला असतो. तो तापतो, व्हॉल्व्ह आणि रिंगा लवकर जातात. गरम हवा ओल घेऊन पाइपात उतरते, तिथे थंड होऊन पाणी सुटतं आणि दाणे गोळा होऊन नोझल तुंबतं.

"प्रेशर वाढवा." 6 वरून 8 बारला गेलात की तेच नोझल जवळजवळ तीस टक्के जास्त हवा खातं. तूट वाढली. कित्येकदा खरा दोष अरुंद, लांब होज पाइपचा असतो. प्रेशर नोझलपाशी मोजून बघा.

लहान कॉम्प्रेसरच असेल तर नोझल लहान करा. 2 मिमीला साधारण 8 सीएफएम पुरतात. दाणा मात्र बारीक हवा आणि काम सावकाश होईल. सक्शन गनमध्ये (हवेच्या ओढीनं दाणे खेचणारी गन) हवा किती जाणार हे आतला एअर जेट, म्हणजे हवा सोडणारं लहान भोक ठरवतो, म्हणून तिथे जेटचं माप बघा. नोझल झिजतंही. 2 चं 3 मिमी झालं की हवा सव्वादोन पट लागते, म्हणून अधूनमधून ड्रिल बिट घालून भोक तपासा.

आता वाळू. वाळूतला क्वार्ट्झचा दाणा आपटून फुटला की डोळ्याला न दिसणारी सिलिकाची धूळ उडते. चाळल्यानं ती टळत नाही, कारण ती तयारच होते दाणा फुटल्यावर. रुमालातून ती आरपार जाते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही, आणि 1997 पासून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत ही धूळ निश्चित कर्करोगकारकांमध्ये आहे. गार्नेट, ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा काचेचे मणी वापरा. तेही बंद कॅबिनेटमध्ये, धूळ ओढणारा पंखा लावून आणि चेहऱ्यावर घट्ट बसणारा, बदलत्या फिल्टरचा मास्क घालून. जुना रंग काढत असाल तर त्यात शिसं असू शकतं, तेव्हा मास्क हवाच. कॉम्प्रेसरचं बजेट ठरवाल तेव्हा दाणे, कॅबिनेट, पंखा आणि मास्कचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यात कॉम्प्रेसर बघा.